उपरण्याखालचा हात

सिद्रामअप्पांची आणि माझी ओळख भांडणानेच झाली, आणि ते भांडण मी भांडलो नाही म्हणून झालं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याला कलेक्टर मिळाला होता, शिक्का मिळाला होता, पण कचेऱ्यांना जागा मिळाली नव्हती. आमचं खातं एका डॉक्टरच्या रिकाम्या बंगल्यात भरायचं आणि आमचे साहेब बाळंतिणीच्या खोलीत बसायचे. मी नांदेडहून बदलून आलेला कारकून. खोली शोधत गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत अप्पांच्या दारात उभा राहिलो. खाली त्यांचं ठोक किराण्याचं दुकान, वर दोन खोल्या रिकाम्या. अप्पांनी भाडं सांगितलं. मला ते परवडण्यासारखं होतं, म्हणून मी "ठीक आहे" म्हणालो.

अप्पांचा चेहरा पडला. "ठीक हाय? असं कसं ठीक हाय म्हनता?"

मला कळेना. अप्पा गादीवरून उठलेच. "अहो, म्या उगं सांगितला तो आकडा! तुम्ही कमी करा म्हनायचं. म्या न्हाई म्हनायचं. तुम्ही उठून पायरीपर्यंत जायचं. म्या वापस बोलवायचं. हे काहीच झालं न्हाई तर भाडं ठरलं कसं म्हनावं?"

मग माझ्या वतीने तेच घासाघीस करायला लागले. "समजा, तुम्ही म्हनलात लई होतंय. म्या म्हनलो, बरं, पाच कमी द्या." अशा रीतीने दोन्ही बाजू एकट्याने लढवून त्यांनी स्वतःचंच भाडं दहा रुपयांनी खाली आणलं आणि तेव्हा कुठे समाधानाने चहा मागवला. असा घरमालक मला त्याआधी भेटला नव्हता आणि नंतरही नाही.

अप्पा अंगाने किरकोळ होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि खांद्यावर उपरणं. त्यांचं मूळ गाव उदगीरच्या पलीकडे कर्नाटकाला चिकटलेलं, त्यामुळे मनात हिशेब करताना ओठ कानडीत हलायचे. तरुणपणी त्यांनी वडिलांबरोबर लोह्याजवळच्या माळेगावच्या जत्रेत बैलांचे सौदे केले होते. तिथला सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून भाव बोलतात. भोवती शंभर माणसं असली तरी आकडा दोघांतच राहतो. हात घट्ट धरून हलवला की सौदा झाला, हात सोडला की सौदा सुटला. अप्पा ही विद्या शिकले आणि मग बैलच कमी झाले.

पण जिल्हा झाला आणि गाड्या आल्या. रस्त्याच्या कडेला काचेची दुकानं उघडली. ज्यांच्या घरात तोवर सायकलसुद्धा नव्हती असे लोक मोपेड, ट्रॅक्टर, टेम्पो बघायला निघाले. एकट्याने त्या काचेच्या दारातून आत जायची कुणाची छाती होईना. मग लोक अप्पांना घेऊन जायला लागले. अप्पांना गाडी चालवता येत नव्हती. विकत घेतलेल्या नव्या गाडीत ते बसतही नसत, गाडीवाला पुढे जायचा आणि हे मागून चालत यायचे. पण भाव करावा तर अप्पांनीच.

माझी मोपेड त्यांनीच घेऊन दिली. स्कूटरला तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागायचं, मोपेड मात्र दुकानात उभी असायची आणि तिच्या भावात थोडीफार हालचाल व्हायची. आम्ही आत शिरताच विक्रेत्याने खुर्च्या पुढे केल्या. अप्पांनी मला कोपराने थांबवलं. "बसायचं न्हाई. बसलं की उठून जाता येत न्हाई." चहा आला, तो त्यांनी निवू दिला. चहा घेतला की तोंडाला भीड पडते, असं त्यांचं म्हणणं. मग ते मोपेडभोवती फिरले, चाक थोपटलं, दिव्यात डोकावून पाहिलं. बैलाचे दात बघताना करायचे तसंच सगळं. मला हसू आवरेना.

विक्रेता पोरगेला आणि तरबेज होता. तो म्हणाला, "काका, किमतीचं टेन्शन घेऊच नका. महिन्याला फक्त एवढे भरायचे." आणि त्याने एक इवलासा आकडा सांगितला. मी मान डोलवायला लागलो होतो.

"महिन्याचं र्‍हाऊ दे," अप्पा म्हणाले. "गाडी केवढ्याला?"

"तेच सांगतोय काका, महिन्याला..."

"बाबा, तू दोन धंदे करून राहिला. एक गाडी इकतो, एक पैसा इकतो. दोन्ही एका पुडीत बांधून देऊ नको. आधी गाडीची पुडी सोड."

पोराने गाडीची पुडी सोडली. तिचा भाव अप्पांनी तीनदा दारापर्यंत जाऊन खाली आणला. मग व्याजाची पुडी सोडायला लावली, तेव्हा ओठ कानडीत भराभर हलले आणि ते म्हणाले, "हे मातर आमाला नको. हे आमी बँकेतून घेतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बँकेत नेलं. तिथेही ते बसले नाहीत.

भाव ठरला की अप्पा इसार द्यायचे. आगाऊ रक्कम छोटीच, पण तिच्याबरोबर पानाचा विडा. इसार दिला की त्यांच्या लेखी सगळं संपलं. कागद नंतर होवोत न होवोत. मग गाडीत खोड निघो की शेजारच्या दुकानात तीच स्वस्त मिळो, अप्पा ऐकून घेत नसत. एका मास्तरने इसार दिल्यावर मोपेड बदलून मागितली, तर अप्पा पुढे त्याच्याशी बोलले नाहीत. "तोंड फिरलं तर चालतं, हात फिरू नये," एवढंच म्हणायचे. मला तेव्हा हे फार थोर वाटायचं.

रऊफ गंजाच्या बाजारात हातगाडा ओढायचा. अप्पांच्या दुकानातला माल गावभर पोचवायचं काम त्याचंच. तो पुढून ओढायचा आणि त्याचा भाऊ मागून ढकलायचा. भाऊ हैदराबादला निघून गेल्यावर रऊफ एकटा पडला. चढावर गाडा मागे यायला लागला. एक दिवस दुकानाच्या पायरीवर घाम पुसत तो म्हणाला, "अप्पा, तीनचाकी टेम्पो घ्यावा म्हणतो. सुगीत गंजातून उदगीर, निलंगा, लई माल जातो. नांदेडला टेम्पो मिळतो म्हणे, पैशेबी तिथलेच देतात."

अप्पांना एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. त्यांनी स्वतःच्या मुलाच्या लग्नाची बैठक असावी तसा दिवस ठरवला. कागद इंग्रजीत असतील म्हणून मला बरोबर घेतलं. मृगाचे दिवस होते, आभाळ भरून आलेलं होतं. एसटीने अहमदपूर, लोहा करत आम्ही नांदेडला पोचलो.

तिथले मॅनेजर लोह्याकडचे निघाले. सफारी घातलेला, जाडजूड, दमेकरी माणूस. खुर्ची नाही, चहा नाही, हे बघून त्यांनी अप्पांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "माळेगाव केलंय का तुम्ही?" अप्पा म्हणाले, "हाव. तुम्ही?" मॅनेजर म्हणाले, "वडील बैलाचे व्यापारी होते." अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हात पुढे केला. मॅनेजरांनी एकदा आपल्या टायपिस्ट मुलींकडे बघितलं आणि त्या पंख्याखाली, काचेच्या टेबलावर, उपरण्यात हात घातला.

पंधरावीस मिनिटं कुणी बोललं नाही. रऊफ त्या उपरण्याकडे असा बघत होता की आत त्याचं नशीबच आहे. आत होतंही तेच. मध्येच मॅनेजर "छे छे" करायचे, मध्येच अप्पांचे ओठ हलायचे. आधी टेम्पोचा भाव झाला, मग बॉडी आणि ताडपत्री, मग व्याज, वेगवेगळं. शेवटी दोघांनी हात हलवला. मॅनेजर घाम पुसत म्हणाले, "अप्पा, वडील आठवले हो." अप्पांनी रऊफकडून इसार देवविला आणि सगळ्यांना पान दिलं. टेम्पोची बॉडी बांधून व्हायला दोन महिने लागणार होते. परत येताना एसटीत रऊफ म्हणाला, "अप्पा, बोटांनी काय काय बोलले, मला शिकवा." अहमदपूर येईपर्यंत अप्पा त्याचा हात उपरण्याखाली धरून त्याला आकडे शिकवत होते आणि कंडक्टर आमच्याकडे संशयाने बघत होता.

पाऊस तेवढाच झाला. मृगात भरून आलेलं आभाळ पुढे कोरडंच राहिलं. पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं. गंजात माल येईना. आडत्यांच्या दुकानांतून हमाल पत्ते खेळत बसले. आमच्या कचेरीत टंचाईच्या फायली एवढ्या वाढल्या की साहेबांना बाळंतिणीची खोली सोडून पडवीत यावं लागलं.

तेव्हा रऊफ आला. मी दुकानातच होतो. तो उभ्यानेच म्हणाला, "अप्पा, टेम्पो नको वाटून राहिला. सुगीच न्हाई तर नेऊ काय? इसार बुडाला तर बुडू द्या."

अप्पा काही बोलणार तोच नांदेडहून मॅनेजरांचा फोन आला. टेम्पो तयार होता. पण ते स्वतःच म्हणाले की दिवस वाईट आहेत, तुमच्या माणसाचं मन नसेल तर इसार परत देतो, माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे. अप्पांनी फोनवर हात ठेवून हे शब्दन्‌शब्द आम्हाला सांगितलं. लपवलं काही नाही. रऊफचा चेहरा उजळला.

आणि अप्पा फोनमध्ये म्हणाले, "न्हाई मॅनेजरसाहेब. उपरण्याखाली माझा हात होता. गाडी आमी नेतो."

फोन ठेवून ते रऊफला म्हणाले, "पुढच्या साली पाऊस येतोच की रे. माझा शब्द गेला तर पुन्हा येत न्हाई."

मी म्हणालो, "अप्पा, ते स्वतःहून सोडतायत." ते माझ्यावर ओरडले, पहिल्यांदाच. रऊफ अप्पांच्या तोंडाकडे बघत राहिला. अप्पांना नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. त्याने आठवड्यात हातगाडा विकला, पैसे भरले आणि टेम्पो आणला. हळदीकुंकू लावलेला, पुढे हिरवी झालर, मागे अप्पांनी दिलेला नारळ. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन महिन्यांत टेम्पो आमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली उभा राहायला लागला. आठवड्यात एखादी खेप, तीही कुणाच्या घरसामानाची. रऊफ रोज टेम्पो पुसायचा. चालत नसलेली गाडी इतकी स्वच्छ बघवत नाही.

अप्पा दुकानाला जाताना तो लिंब टाळून मागच्या बोळातून जायला लागले. पान सोडलं. कुणी गाडी घ्यायला बोलवायला आलं की म्हणायचे, "माझा हात आता उतरला. दुसरा बघा." लोकांना वाटलं म्हातारपण. मला एकदा जिन्यात गाठून म्हणाले, "भाऊसाब, त्याला टेम्पो म्या घ्यायला लावला न्हाई, माझ्या अब्रूनं घ्यायला लावला. माझी अब्रू काय टेम्पो चालवती का?" मी समजूत घालायला काहीतरी बोललो. माझा त्यांच्यावरचा राग तेव्हा गेला नव्हता आणि तो त्यांना माझ्या आवाजात ऐकू आला असणार. ते वर न बघता खाली उतरले.

मग एकाएकी रऊफला खेपा मिळायला लागल्या. अप्पांच्या दुकानातलं खडेमीठ उदगीरला त्यांच्या साडूच्या दुकानात जायला लागलं. दर आठवड्याला टेम्पोभर पोती जायची आणि येताना उदगीरहून काहीतरी भरून यायचं. मी म्हणालो, "उदगीरचे लोक दुष्काळात एवढं मीठ खातात?" अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "तेच मीठ हाय. जातंय अन् येतंय. साडूच्या माणसाला सांगितलंय, पोत्यांची तोंडं दुसऱ्या सुतळीनं बांधा. भाडं माझ्या घरून जातंय." ते उलट मलाच समजवायला लागले, "फुकट दिले तर तो घेनार न्हाई. अन् मीठ काय, दुष्काळात पाघळत न्हाई."

पण मिठाने हप्ते भागेनात. रऊफच्या घरात खाणारी सहा तोंडं. हप्ते थकले. आणि एक दिवस नळेगावजवळ नांदेडच्या वसुलीवाल्यांनी टेम्पो अडवला आणि पोत्यांसकट घेऊन गेले. रऊफ मिळेल त्या ट्रकने लातूरला आला. अप्पांनी त्याच्याकडे न बघता मला म्हटलं, "भाऊसाब, उद्या रजा टाका."

पुन्हा एसटी, पुन्हा अहमदपूर, पुन्हा लोहा. दोन्ही बाजूंनी शेतं खरवडून काढल्यासारखी होती. नांदेडच्या त्या दुकानामागच्या अंगणात टेम्पो उभा होता, हिरवी झालर तशीच.

मॅनेजर अप्पांना बघून उठले, चाचरत म्हणाले, "अप्पा, वसुली मी बघत नाही हो. वरून येतं." आणि सवयीने खुर्ची पुढे केली.

अप्पा खुर्चीवर बसले.

मी त्यांना दुकानातल्या खुर्चीवर बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. ते अगदी कडेवर बसले, पाय जुळवून, शाळेत बोलावलेल्या पालकासारखे. चहा आला, तो त्यांनी उचलला आणि बशीत ओतून शेवटपर्यंत पिऊन टाकला. मॅनेजरांना काय ते समजलं. त्यांनी मान खाली घातली.

"साहेब," अप्पा म्हणाले. मॅनेजरांना ते त्याआधी साहेब म्हणाले नव्हते. "तुम्ही इसार वापस देत होतात. म्या घेतला न्हाई. चूक माझ्या हाताची हाय, ह्याची न्हाई. तुम्ही म्हनाल तो भाव. म्या घासाघीस करत न्हाई. गाडी ह्याच्याकडं र्‍हाऊ द्या, पैशे म्या भरतो."

"अप्पा," रऊफ मध्येच म्हणाला.

अप्पा बोलतच होते. रऊफ खाली वाकला, त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून त्यांच्या हातावर टाकलं आणि त्याखाली स्वतःचा हात घातला. एसटीत शिकलेली बोटं. रऊफने त्यांचा हात क्षणभर घट्ट धरला आणि सोडून दिला. मग उपरणं नीट घडी करून त्यांच्या खांद्यावर ठेवलं.

"सौदा सुटला, अप्पा," तो म्हणाला. "तुमचा हात मोकळा झाला. गाडी ह्यांना र्‍हाऊ द्या. मेरेकू नको." मग मॅनेजरांकडे वळून म्हणाला, "मीठ तेवढं द्या साहेब. अप्पांचं हाय. एक पोतं फाटलं होतं, ते पहिल्या खेपेला मीच लाल दोऱ्यानं शिवलं. तवापासून तेच पोतं नेऊन राहिलो."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. खुर्चीवरून त्यांना आम्ही दोघांनी धरून उठवलं.

मॅनेजर भला माणूस. त्यांनी आपल्या खर्चाने मीठ लातूरला पाठवलं. टेम्पो दुसऱ्याला गेला. अप्पांनी रऊफला पैसे देऊ केले, दुकानात भागीदारी देऊ केली, दुसऱ्या गाडीचं नावही काढलं. रऊफ प्रत्येक वेळी "बघू अप्पा" म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा. त्याने कुठून तरी एक जुना हातगाडा मिळवला, एक चाक करकरणारा. अप्पांच्या दुकानातलं काम त्याने सोडलं नाही. टेम्पोच्या भाड्याने पैसे द्यायला गेलं तर म्हणायचा, "गाड्याचं गाड्याच्या भावानं द्या." अप्पांना त्या भावात एक पैसाही वर सरकवता आला नाही. जन्मभर भाव खाली आणलेल्या माणसाला भाव वर नेता येईना.

पुढच्या साली माझी नांदेडला परत बदली झाली. निघायच्या दिवशी अप्पांच्या पाया पडायला दुकानात गेलो, तर ते नव्हते. "मीठ घिऊन गेले," गादीवरचा त्यांचा मुलगा म्हणाला आणि त्याने तोंड वाकडं केलं. ते मीठ शेवटी बार्शी रस्त्याच्या एका दुकानदाराने खरोखरच विकत घेतलं होतं.

माझा अर्धा तास गेला सामान बांधण्यात. कचेरीतला एक मित्र बार्शी रस्त्यालाच राहत होता, त्याच्याकडे मोपेड ठेवायची होती. रेल्वे फाटकाच्या चढाशी मला तो करकरणारा आवाज आला. रऊफ पुढून ओढत होता, मान खाली, दोरी छातीवर. गाड्यावर मिठाची पोती रचलेली, वरच्या पोत्यावर लाल दोऱ्याची शिवण. आणि मागून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, दोन्ही तळहात पोत्यांना लावून अप्पा ढकलत होते. उपरणं डोक्याला गुंडाळलेलं, विभूती घामाने ओघळलेली. रस्त्यावरचे ओळखीचे लोक थांबून बघत होते आणि नमस्कार करावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

मी मोपेड थांबवली. म्हटलं, "अप्पा, मी निघालो. नांदेडला."

त्यांनी हात काढला नाही. काढला असता तर गाडा मागे आला असता. "सुखरूप जा," धापा टाकत म्हणाले आणि पुन्हा मान खाली घातली.

रऊफने मागे वळून पाहिलं नाही. चढ संपेपर्यंत त्याने गाडा फक्त थोडा हळू ओढला.